मांडीवर ठेवलेला हात

लग्नाला दोन वर्षं होऊन गेली तरी सासऱ्यानं माझा आवाज ऐकला नव्हता. आमच्या तांड्यात तेव्हा रीतच तशी. सुनेनं सासऱ्यासमोर घुंगट घ्यायचा, तोंड बंद ठेवायचं, आणि फारच अडलं तर सासूच्या कानात सांगायचं. अशा मला बोरी अरबच्या एका मिस्त्रीनं त्याच्या गॅरेजात लाकडी पाटासमोर बसवलं, हातात लोखंडी बत्ता दिला आणि सासऱ्यादेखत ओरडून म्हणाला, "हं बाई. सकाळी तुमची गाडी कशी ठोकते, वाजवून दाखव."

बत्ता माझ्या हातून पडायचाच राहिला. परक्या माणसानं समोर बसवून मला काही विचारायची ती पहिलीच वेळ. सासऱ्याच्या तोंडाकडं बघायची सोय नव्हती. घुंगटाखालून त्याचे पाय तेवढे दिसत होते. वहाणेतली बोटं आखडली होती.

या गोष्टीला साठावर वर्षं झाली. मिस्त्री कधीच मेला. ज्यांच्या गाड्या त्यानं दुरुस्त केल्या तेही बहुतेक गेले. पण तो माणूस आठवला की आधी मला धक्का बसतो, बाकीचं सगळं नंतर येतं.

त्याचं गॅरेज म्हणजे रस्त्याच्या कडेचा एक कडुनिंब, त्याखाली चार टिना आणि माणूस उतरेल एवढा खड्डा. त्या खड्ड्यात तो उतरायचा ते पांढराशुभ्र सदरा घालून. काळंनिळं कधीच नाही. कुणी विचारलं तर म्हणायचा, "काळ्या कपड्यावर डाग दिसते काय?" गाडीखाली उताणा झोपायचा, बाहेर यायचा, सदरा काढून झाडाला टांगायचा आणि पाठीवरचे डाग बघून तेल कुठून गळतं ते सांगायचा. त्याला बायको होती. ती माहेरी गेली ती परत आली नाही. लोक म्हणत, सदरे धुऊन कंटाळली.

बोलायचा ते ओरडूनच. हातभर अंतरावरच्या माणसाशी बोलतानाही, तो नदीपलीकडं उभा असल्यासारखा. शिव्यांच्या बाबतीत तर त्याची रीतच न्यारी. समोरून कुणी शिवी दिली की हातात असेल तो पाना फेकून मारायचा. पाठीमागून कितीही दिल्या तरी ढिम्म. बसवाले मागून हॉर्न वाजवून थकायचे, हा आपला रस्त्याच्या मधोमध चालत राहायचा. आमच्या तांड्यातल्या म्हाताऱ्या म्हणायच्या, साधू माणूस आहे, माघारी बोललेलं मनाला लावून घेत नाही. ज्यांनी पाना खाल्ला होता ते असं म्हणत नसत.

पण त्याचं खरं वेड होतं थंड इंजिनाचं. गाडी आली की तो आधी हाताची पालथी बाजू बॉनेटला लावायचा, ताप आलेल्या लेकराच्या कपाळाला लावतात तशी. बॉनेट गरम लागलं की माणसाकडं पाठ करून बसायचा. "शिजवून आणली," म्हणायचा. "कच्ची दाखव."

मग ती गाडी रात्रभर कडुनिंबाखाली उभी करायची. बॉनेटच्या कडीला तो कच्च्या सुताचा धागा बांधायचा, गाठीवर ओली माती दाबायचा आणि मातीत अंगठा उठवायचा. सकाळी तो अंगठा जसाच्या तसा दिसला तरच इंजिन सुरू करायचं हँडल मारायचा. त्याचं म्हणणं, इंजिनातला लोखंडाचा तुकडान् तुकडा गरम झाला की फुगतो, जागा भरून काढतो आणि दुखणं झाकतो. थंडीत सगळं आकसलेलं असतं, तेव्हा जिथं झीज आहे तिथं ते वाजतंच. "गरम गाडी पाहुण्यापुढं बसवलेल्या पोरीवानी असते," म्हणायचा. "खाली मान, तोंडात साखर. तिचं खरं तोंड पाहाचं असन तर सकाळी चुलीपाशी पाहा."

एका कापूसवाल्याच्या ड्रायव्हरनं एकदा हुशारी केली. धाग्याला हात न लावता पहाटे गाडीच्या पाण्यात उकळतं पाणी ओतलं, म्हणजे इंजिन आतून गरम. मिस्त्रीनं धागा पाहिला, अंगठा पाहिला, मग गाडीच्या तोंडावरच्या जाळीला गाल लावला. त्या माणसाच्या हातातलं हँडल घेतलं, विहिरीपाशी गेला आणि आत टाकून दिलं. पौषाचा महिना. ड्रायव्हर लंगोटीवर विहिरीत उतरला तेव्हा हा काठावर बसून भाकर खात होता. भाकरही तो इंजिनाच्या तापलेल्या नळीवर गरम करायचा. तेलाचा वास लागल्याशिवाय घास उतरत नाही म्हणे.

इंजिन सुरू झालं की बाभळीचा हातभर दांडा घ्यायचा, एक टोक इंजिनाला टेकवायचा आणि दुसरं दातांत धरायचा. डोळे मिटलेले, दातात दांडा, गळ्याच्या शिरा ताणलेल्या. बघणाऱ्याला वाटावं की याला फेफरं येतंय. असा दांडा फिरवत फिरवत तो दुखण्याची जागा शोधायचा.

आणि तरीही त्याचं भागायचं नाही. मग तो विचारायचा, "डायवरची बायको कुठी हाय?"

इथं लोकांची मती गुंग व्हायची. पण मिस्त्री हटायचा नाही. "मालक खोटं बोलते, त्याले गाडी चालवाची असते. डायवर खोटं बोलते, त्याची नोकरी असते. अन् डायवर ऐकतेच काय? हँडल मारते, बिडी पेटवते, मंग गाडीत जाऊन बसते. तोवर इंजन अर्धं तापलं. पयला आवाज कोन ऐकते? चुलीपाशी बसेल बाई. तिले आणा."

कुणी आणायचे, कुणी भांडून निघून जायचे. एका मोठ्या शेतकऱ्यानं बायकोऐवजी मोलकरीण पाठवली. ती म्हणाली, "मालकीणबाई म्हणते का, खुळखुळ खुळखुळ करते." मिस्त्री म्हणाला, "खुळखुळ म्हणजे काय ते मले नाही समजत. शब्द नोको. वाजवून पायजे." ती गाडी तशीच खुळखुळत गेली.

वाजवायला त्यानं भांडी ठेवली होती. एका पेटीत पितळी थाळी आणि पळी, एक सूप, एक लोखंडी खलबत्ता. बाईनं तोंड उघडायचं नाही, नाव घ्यायचं नाही, नुसतं भांडं उचलून घरी ऐकलेला आवाज करायचा. थाळीवर पळी टिकटिकली तर वरच्या टापेटचा, म्हणजे झडपा उघडणाऱ्या दांडीचा आवाज. सुपात दाणे पाखडल्यासारखा आला तर धुराची नळी फुटलेली. हे दोन्ही सोपे. कठीण होता खलबत्ता. भांडी ठेवायची ती नेहमी एकाच रुंद पाटावर, आणि बाई वाजवत असताना हा समोर उकिडवा बसून पाटावर तळहात पालथा घालून राहायचा. आम्हाला वाटायचं, पाट हलू नये म्हणून. काही लोकांना वाटायचं, बायकांच्या बांगड्या बघतो. त्यावरून एकदा मारही खाल्ला, पण पाटावरचा हात काही सोडला नाही.

आता आमची गाडी.

माझ्या सासऱ्याच्या बापापर्यंत सगळे बैलांच्या पाठीवर मीठ आणि धान्य वाहणारे. पुढं रेल्वे आली, मोटारी आल्या, तांडा एका जागी बसला आणि शेती करू लागला. पण सासऱ्याच्या डोक्यातून वाहतूक गेली नाही. त्यानं बैल विकून लढाईतली जुनी गाडी आणली. पुढं तिघांची केबिन, मागं उघडा हौदा. आता तिला पिकअप म्हणतात, आम्ही नुसतं गाडी म्हणायचो. माझा नवरा ती चालवायचा. तांड्याचा कापूस जिनात, म्हणजे सरकी काढायच्या गिरणीत जायचा तो तिच्यात, बाजारला माणसं जायची ती तिच्यात, बाळंतीण आणायची ती तिच्यात. नायक, म्हणजे तांड्याचा मुख्य, तोही केबिनीत बसायच्या आधी सासऱ्याला विचारायचा. एवढा मान सासऱ्याला बैलांनी कधी दिला नव्हता.

त्या हिवाळ्यात गाडी ठोकायला लागली. सकाळी मी चुलीपाशी असायची, गाडी कुडाच्या पलीकडं. हँडल मारलं की ठक ठक ठक, जड आणि दबका, खलात मिरच्या घातल्यावर बत्ता पडतो तसा. भाकर उलटेस्तोवर तो निम्मा व्हायचा. हा आवाज सगळ्यांना माहीत होता.

पण दुपारी गाडी भरून आली की आमच्या तांड्याचा चढ तिला लागायचा. तेव्हा मी एकटी घरी. तेव्हा आवाज वेगळा असायचा. कोरडा. खल रिकामा असताना बत्ता तळाला बसतो तसा, लोखंडावर लोखंड. चढ संपेपर्यंत थांबायचा नाही. नवऱ्याला मी सांगितलं. तो म्हणाला, "मले का ऐकू येत नाही? बापाले सांगू कसं? इंजन खोलाचं म्हटलं तर हंगाम गेला."

अखेर नायकानंच सांगितलं, मिस्त्रीला दाखवल्याशिवाय आपण गाडीत बसणार नाही. मग दाखवणं भाग पडलं. निघायच्या आदल्या दिवशी सासरा अंगणात आला. तो माझ्याशी बोलत नसे, मला ऐकवायचं असलं की म्हशीशी बोलायचा. म्हशीच्या पाठीवर हात ठेवून म्हणाला, "सकाळी ठोकते ते सगळ्याइले माहीत हाय. दुपारी काई ठोकत नाही. ज्याले दुपारी ऐकू येते, त्यानं आपल्या बापाच्या घरी जाऊन ऐकावं."

म्हैस रवंथ करत होती. मला समजलं.

तर दुसऱ्या सकाळी मी पाटासमोर, हातात बत्ता. मिस्त्रीचं दातात दांडा धरून झालं होतं. सासऱ्याला म्हणाला, "दोन दुखणे असू शकते. एक म्हातारपणाचं. पिस्टन ढिला झाला का थंडीत ठोकते, तापला का चूप. त्याचं काई भेव नाही, म्हातारा खोकलला म्हणून कोनी सरण रचते काय? दुसरं बेरिंगचं. ते तापल्यावर, चढावर, वजन घेऊन ठोकते. ते माणूस मारते. सकाळी दोन्हीइचा आवाज एकात एक मिसळते. दुपारी कोनता उरते ते या बाईले माहीत."

सासरा म्हणाला, "तिले काय समजते?"

"तिले काहून नाही समजन? अन् ती खोटं कायले बोलन? तिले गाडीतलं काय भेटते?"

इथं मिस्त्री चुकला. सुनेला काय मिळतं एवढंच त्यानं पाहिलं. तिचं काय जाऊ शकतं, ते पाहिलं नाही.

त्यानं खलात मूठभर सरकी टाकली. पाटावर तळहात घातला. "सकाळ," म्हणाला.

मी वाजवलं. ठक ठक ठक, दबकं. त्यानं मान हलवली.

मग खल उपडा करून सरकी काढली आणि रिकामा खल पाटावर ठेवला. "आता दुपार. गाडी भरेल, चढावर."

मी बत्ता खाली ठेवला आणि हात मांडीवर ठेवला.

तो वाट पाहत राहिला. तळहात पाटाला चिकटलेला, डोळे मिटलेले. माझा हात मांडीवर तसाच. सासऱ्याच्या पायांची बोटं वहाणेत सरळ झाली, ते मी पाहिलं. नवरा तिथंच होता, तो झाडाकडं बघत होता.

"काईच नाही?" मिस्त्री डोळे मिटूनच, पाटाला विचारल्यासारखं म्हणाला. मी मान हलवली, नाही.

"जा घेऊन," तो म्हणाला. "म्हाताऱ्याचा खोकला हाय. सुरू केली का एक बिडी होईस्तोवर उभी ठेवत जा. मंग चालवा."

जाताना सासऱ्यानं मला केबिनीत बसवलं. असा मान घरातल्या कुठल्याच बाईला मिळाला नव्हता. मी बसले.

कुणी मेलं नाही, हे आधीच सांगते. पण नवव्या दिवशी, बाजारच्या दिवशी, गाडी कापूस भरून निघाली. कापसावर सासू आणि माझी सोळा वर्षांची नणंद बसलेली. अडाण नदीच्या अलीकडच्या चढावर इंजिनातलं बेरिंग गेलं, पिस्टनचा दांडा तुटला आणि इंजिनाची कूस फोडून बाहेर आला. गरम तेल तापल्या नळीवर सांडलं. जाळ झाला आणि जाळाला वर कापूस मिळाला. सासूला माझ्या नवऱ्यानं ओढून काढलं. नणंदेनं घाबरून वरून उडी मारली, मांडीचं हाड मोडलं. ती आजही काठीनं चालते. नवऱ्याचे दोन्ही तळहात भाजले. गाडी काळा सांगाडा होऊन तिथंच उभी राहिली, आणि आमच्या घरी केळीच्या पानावर हात ठेवून नवरा बसला. त्याला भरवायचं, पाणी पाजायचं, धोतर नेसवायचं, सगळं मी करत होते. हात मांडीवर ठेवायला वेळ नव्हता.

तांडा पेटून उठला. मिस्त्रीनं गाडी चांगली म्हणून सांगितली आणि माणसं जाळली, असं झालं. नायकानं पंचायत बोलावली. त्याला आणायला माणसं जाणार होती, पण तो आपणच आला. बोरीहून चालत आला, पांढरा सदरा घालून, काखेत तो पाट. भर दुपारी नायकाच्या दारापुढं सगळा तांडा बसला. पुरुष समोर, आम्ही बायका एका बाजूला कुडाला टेकून, घुंगट घेऊन.

नायकाला जाड पांढऱ्या मिशा होत्या. तो म्हणाला, "बोल मिस्त्री, तुहं काय म्हणनं हाय?"

मिस्त्री म्हणाला, "नायक, मिशा वर करून बोला. तोंड दिसून नाही राह्यलं."

एक जण काठी घेऊन उठला. नायकानं त्याला बसवलं. मिस्त्री सगळ्यांकडं एकदा बघून म्हणाला, "मी बहिरा हाय. जिनातल्या मोठ्या इंजनापाशी उभ्या उभ्या कान गेले. मले काईच ऐकू येत नाही. लय वर्सं झाले. तुमचे तोंडं पाहून समजते, तुमी काय म्हणता ते."

ज्याच्याकडं चार गावच्या गाड्या आवाज ऐकवायला यायच्या, त्याला आवाजच येत नव्हता. पाठीमागच्या शिव्या, बसचा हॉर्न, दातातला दांडा, पाटावरचा हात, सगळं एकदम माझ्या डोळ्यांपुढून गेलं. घुंगटातलं तोंड त्याला दिसत नसे, म्हणून भांडी. तो दांड्यानं दातांत ऐकायचा आणि पाटावर तळहातानं ऐकायचा.

काठीवाला म्हणाला, "अबे मंग इतके वर्सं आवाज कोन ऐकत होतं?"

"तुमच्या बायका," मिस्त्री म्हणाला.

मग तो माझ्या सासऱ्याकडं वळला. "त्या दिवशी तुमच्या सुनेनं दुपारचं वाजवलं असन. माह्या हाताले समजलं नाही. तीन दिवस मी पाटावर हात ठेवून राह्यलो, आठवून पाह्यलं, मले काईच आठवत नाही. म्हणजे हात मेला माहा. दात तर हालतेच. आता गाडीले हात लावणार नाही, गॅरेज बंद. बाकी तुमी काय कराचं ते करा." असं म्हणून त्यानं पाट जमिनीवर ठेवला आणि समोर उकिडवा बसला.

मला वाटलं, आता सासरा काहीतरी म्हणेल. खरं नाही तर नाही, निदान गप्प बसेल. सासरा उभा राहिला आणि पंचांना म्हणाला, "ऐका. बहिऱ्यानं माहं घर जाळलं."

मी शहाणी म्हणून उठले नाही, की मला मिस्त्रीची दया आली असंही नाही. मी तीन दिवस नवऱ्याच्या हाताची सोललेली कातडी बघत होते आणि मला चीड आली, एवढंच. मी आमच्या घरी गेले. खलबत्ता उचलला, सासूच्या उशीतली सरकी मूठभर घेतली आणि परत आले. बायकांतून पुरुषांत चालत गेले. कुणीतरी, "ए पोरी," म्हणालं. सासू रडायला लागली.

मी पाटासमोर बसले. मिस्त्रीनं माझ्या हातातला खल पाहिला आणि सवयीनं तळहात पाटावर घातला.

खलात सरकी टाकून मी सकाळ वाजवली. दबकी.

खल उपडा केला, सरकी मातीत सांडली, रिकामा खल पाटावर ठेवला. आणि दुपार वाजवली. लोखंडावर लोखंड. तो आवाज तांड्यातल्या प्रत्येकानं चढावर ऐकलेला होता. माना वर झाल्या, मग खाली गेल्या. मी थांबले नाही. चढ जेवढा लांब होता तेवढा वेळ वाजवलं.

मिस्त्रीनं डोळे उघडले. "अजून एक डाव," म्हणाला. मी परत वाजवलं.

"हे त्या दिवशी वाजवलं होतं?"

मी मान हलवली. नाही.

तेव्हा त्यानं जे केलं ते मला आजही गिळवत नाही. तो हसला. साधं नाही, पोट धरून, डोळ्यांतून पाणी येईपर्यंत. समोर माझा नवरा केळीच्या पानावर हात घेऊन बसलेला, घरात नणंदेची मांडी फळ्यांत बांधलेली, आणि हा माणूस आपला उजवा तळहात उलटापालटा करून सगळ्यांना दाखवत होता. "हात खरा हाय माहा," ओरडत होता. "हात जिता हाय. वाजवलंच नव्हतं वो, वाजवलंच नव्हतं." मी खोटी ठरले म्हणून कुणी इतकं खूश झालेलं मी त्याआधी पाहिलं नव्हतं, नंतरही नाही. मला एक शिवी दिली नाही. का, असंही विचारलं नाही. मी वाट बघत होते.

नायक उठला. मिशा दोन्ही हातांनी बाजूला धरून म्हणाला, "मिस्त्री, जा. गॅरेज उघड." सासऱ्याला तो काहीच म्हणाला नाही, पण त्यानंतर त्याला विचारून कुठंच बसला नाही.

सासरा मरेपर्यंत माझ्याशी बोलला नाही. आधीही बोलत नव्हता, त्यामुळं घरात फरक पडला नाही. म्हशीशी बोलणं मात्र बंद झालं. नवऱ्याची उजवी मूठ पुढं कधी पुरती उघडली नाही. तो म्हणायचा, नांगर धरायला पुरते. मिस्त्रीचं गॅरेज चाललं. तो बहिरा आहे हे कळल्यावर गिऱ्हाईक तुटेल असं वाटलं होतं, ते काही तुटलं नाही. पण लोकांनी बायका आणणं बंद केलं. बहिऱ्याची भीती कुणाला नव्हती, खलबत्त्याची होती.

त्या दुपारी जाताना मिस्त्री पाट काखेत मारून माझ्यापाशी थांबला. खलाकडं बोट दाखवलं. "हा मले देऊन टाक. याचा ठोका लय साफ हाय. माह्या खलाले तडा हाय."

मी घुंगट वर केला, सासरा समोर असताना, मिस्त्रीला माझं तोंड दिसावं म्हणून.

"नाही," मी म्हणाले. "घरात एकच हाय. अजून चटणी वाटाची हाय."